सशामागची सोबत

माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये ज्यांचे पहाटे येणे-जाणे आहे, त्यांना कुत्री फिरवणाऱ्यांचा एक लहानसा घोळका ठाऊक असेल. गेली काही वर्षे आम्हीही त्या घोळक्यात आहोत. लेक परदेशी गेला तेव्हा आपला बीगल जातीचा कुत्रा त्याने आमच्या स्वाधीन केला आणि त्याचा पट्टा धरून आम्ही घराबाहेर पडू लागलो. त्याआधी याच भागात वीस वर्षे राहूनही आमच्या ओळखी आपल्या इमारतीचे दोन मजले आणि चर्चमधला नेहमीचा बाक यांपलीकडे फारशा गेल्या नव्हत्या. कुत्र्यामुळे एक तमिळ आजी, एक गुजराती व्यापारी, एक पारशी गृहस्थ, कॉलेजात शिकणारी एक मुलगी अशी माणसे जोडली गेली. फेरी संपली की उडप्याकडे कॉफी. कोणी आजारी पडले तर त्याच्या कुत्र्याची सोय दुसऱ्याच्या घरी. उतारवयात मिळालेली ही सोबत आम्ही देवाची देणगी मानतो. मात्र याच सोबतीच्या भरात आमच्या हातून एक अन्यायही घडला. त्याविषयीच लिहावयाचे आहे. परंतु त्याआधी आमच्या बीगलविषयी थोडे सांगणे भाग आहे.

लोंबत्या कानांचा आणि पांढऱ्या शेपूटटोकाचा हा बुटका कुत्रा आज मुंबईच्या ब्लॉकांमधून सोफ्यावर लोळताना दिसतो. इंग्लंडमध्ये मात्र त्याची पैदास झाली ती सशाच्या शिकारीसाठी. खांद्यापाशी त्याची उंची जेमतेम १३ ते १६ इंच. तो शिकार करतो ती एकट्याने नव्हे, कळपाने. आणि डोळ्यांनी नव्हे, नाकाने. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात आढळणारा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा याच्या नेमका उलट. ससा नजरेस पडताच तो बाणासारखा सुटतो आणि पाहता पाहता निकाल लागतो. बीगल सशाहून पुष्कळ मंद आहे. ससा केव्हाच दिसेनासा होतो. कुत्री जमिनीला नाक लावून माग काढीत राहतात. माग हरवतो, पुन्हा सापडतो, आणि सापडला की सारा कळप एका सुरात साद घालतो. तिकडचा ससा बिळात शिरत नाही, आपला परिसरही सहसा सोडीत नाही. मोठा वळसा घेऊन तो निघाल्या ठिकाणाकडे परततो. त्यामुळे पाठलाग तास-दीड तासही चालतो.

या शिकारीतील सोबतीचे मूळ त्या मंदपणात आहे, असे आम्हांस वाटते. बीगलांमागे माणसे पायी जातात. घोडा लागत नाही, म्हणून श्रीमंतीही लागत नाही. जमीनदार आणि शेतमजूर, शाळकरी मुलगा आणि म्हातारा एकाच चिखलातून चालतात, एकाच कुंपणापाशी थांबतात आणि कान देऊन ऐकतात. बोलायला वेळ असतो, आणि गप्प राहण्यालाही निमित्त असते. आमच्या आजोळी, रेवदंड्याकडच्या रानातील पारधीच्या आठवणी मामा सांगत, त्यांतही हाच गोडवा होता. मांसाचे वाटे पडत तेव्हा नुसती वाट अडवून उभा राहिलेल्यालाही सारखाच वाटा मिळे. कुत्रेवाल्याचा वाटा वेगळा. वर्षभर बांधावरून भांडणारे दोघे भाऊ त्या दिवशी शेजारी शेजारी बसत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडची ती शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. तरीही मामांच्या आवाजातील हुरहूर खोटी नव्हती. ती सशाच्या मांसासाठी नव्हती. त्या बसण्यासाठी होती.

तर मग प्रश्न असा उभा राहतो, की ही सोबत सशावाचून मिळणार नाही काय?

पाचशे वर्षांपूर्वी हा प्रश्न जवळजवळ याच रूपात एका संताने विचारला आहे. संत थॉमस मोर यांच्या १५१६ सालच्या ‘युटोपिया’ या ग्रंथातील रहिवासी शिकारीला हलके काम समजतात. त्यांचे म्हणणे असे, की धावणे पाहण्यातच आनंद असेल तर कुत्र्यामागे कुत्रा धावला तरी तो तेवढाच मिळावा. आणि दुबळा, निरपराध ससा फाडला जाताना पाहावयाचा असेल तर आनंदाऐवजी कणव यावयास हवी. इंग्लंड आणि वेल्समध्ये या युक्तिवादाची परीक्षा पुढे कायद्यानेच घेतली. २००४ साली संमत झालेल्या कायद्याने कुत्र्यांकरवी सशाची शिकार करण्यास बंदी आली आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून ती अमलात आली. त्यानंतर कित्येक बीगल-मंडळांनी माणसाने आधी जमिनीवर ओढून ठेवलेल्या वासामागे कळप सोडावयास सुरुवात केली. त्याच्या आडून खरे ससेही मारले जातात, हा आक्षेप वारंवार घेतला गेला, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. परंतु ज्यांनी प्रामाणिकपणे नियम पाळला त्यांच्या वाट्याला तेच चालणे, तेच ऐकणे आणि तोच चहा आला. ससा वजा झाला, सोबत शिल्लक राहिली.

ख्रिस्तसभेने शिकाऱ्याला दूर लोटले, असे नाही. संत ह्युबर्ट हे शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत आहेत आणि ३ नोव्हेंबरला त्यांचा सण असतो. परंतु धर्मगुरूंना मात्र १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने शिकारीची आणि त्यासाठी कुत्री बाळगण्याची मनाई केली होती. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य केला आहे. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे अथवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला सोडून आहे, असेही शिकविले आहे. येथे ‘माणसाच्या प्रतिष्ठेला’ हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. प्रश्न सशाचे काय होते एवढाच नाही. पाठलाग करता करता आपले काय होते, हाही आहे.

याचे उत्तर कँटरबरीचे आर्चबिशप संत अन्सेल्म यांच्या चरित्रातील एका प्रसंगात आम्हांस सापडले. त्यांचे सहचर एडमर यांनी तो लिहून ठेवला आहे. आर्चबिशप घोड्यावरून प्रवास करीत असता त्यांच्याच परिवारातील तरुणांनी एका सशामागे कुत्री सोडली. जीव घेऊन धावणारा ससा थेट अन्सेल्म यांच्या घोड्याच्या पायांत येऊन बसला. त्यांनी लगाम खेचून घोडा जागीच थांबविला. कुत्री भोवती घोटाळू लागली. पुढे सरसावण्याचे मात्र त्यांना धैर्य होईना. ते पाहून मंडळी हसू लागली. अन्सेल्म यांच्या डोळ्यांत पाणी आले. तुम्ही हसता, पण या दीनाला कसले हसू, अशा अर्थाचे ते बोलले. मरणसमयी आत्म्यालाही वैरी असेच घेरून उभे असतात, याची त्यांनी आठवण करून दिली. कुत्र्यांना आवरून ते पुढे निघाले आणि ससा उड्या मारीत रानात निघून गेला.

हसणारी ती मंडळी दुष्ट नव्हती. ती आर्चबिशपांच्या घरची, रोज प्रार्थना करणारी माणसे होती. ती एकत्र होती, मजेत होती, एवढेच. ही गोष्ट आम्ही पूर्वीही वाचली होती. पण त्या हसण्यात आमचाही आवाज आहे, हे कळावयास आम्हांला बरेच दिवस लागले.

बागेच्या कठड्यापाशी एक म्हातारा चणे-शेंगदाणे विकत बसे. येणाऱ्या-जाणाऱ्या कुत्र्यांपुढे तो चार दाणे टाकी. आमचा बीगल तर त्याच्यापाशी गेल्यावाचून पुढे पाऊल टाकीत नसे. एकदा पारशी गृहस्थांचा कुत्रा अंथरुणाला खिळला. अन्न तुटले, ताप उतरेना. म्हाताऱ्याच्या दाण्यांतून काही गेले असावे, असे कोणीतरी म्हणाले. चार दिवसांत त्या ‘असावे’चे ‘आहे’ झाले. आम्ही सकाळी जमू लागलो, संध्याकाळीही जमू लागलो. जो तो आपल्याला आलेला संशय आठवून सांगे आणि बाकीचे माना डोलावीत. खरे सांगावयाचे तर त्या पंधरवड्यात आमची मैत्री जितकी घट्ट झाली, तितकी ती पूर्वी कधीच नव्हती. तक्रारीचा अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, कारण आमचे मराठी चांगले. आम्ही तो मन लावून लिहिला. म्हाताऱ्याला तेथून उठविण्यात आले. तो कोणाशी भांडला नाही. टोपली उचलून गेला.

आठवड्याभराने रक्ताचा तपास हाती आला. तो गोचिडांमुळे येणारा ताप होता. औषधाने कुत्रा बरा झाला. आम्ही कॉफी प्यायलो आणि पावसाविषयी बोललो.

पुढे प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आम्ही हे सारे सांगितले. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “त्यांचे नाव काय?” कित्येक वर्षे त्या माणसाच्या हातून पुडी घेतली होती, त्याच्याविरुद्ध पानभर अर्ज लिहिला होता, पण नाव आम्हांस ठाऊक नव्हते. अर्जातही ‘सदर इसम’ असेच लिहिले होते. माटुंगा रोड स्टेशनपाशी, किंग्ज सर्कलच्या पुलाखाली आम्ही पुष्कळ चौकशी केली. तो भेटला नाही.

केवळ एकत्र बसायचे म्हणून माणसे फार काळ एकत्र बसत नाहीत. त्यांना मध्ये काहीतरी लागते, हे आम्ही नाकारीत नाही. सर्वांत सहज मिळणारी गोष्ट म्हणजे ससा. कोणीतरी दुबळा समोर धावू लागला की कालपर्यंतचे परकेही सोबती होतात. प्रभू येशूला हेरोदाकडे पाठविले त्या दिवशी, पूर्वी एकमेकांचे वैरी असलेले पिलात आणि हेरोद मित्र झाले, अशी नोंद संत लूक यांनी आवर्जून केली आहे. अशी मैत्री जगात नेहमीच होत आली आहे. धर्मग्रामाच्या समित्यांत, सोसायटीच्या सभांत, लग्नाच्या मांडवातही होते. म्हणून आपली सोबत कितीही गोड वाटली, तरी अधूनमधून एक प्रश्न स्वतःस विचारून पाहावा: आज आपल्यामध्ये ठेवलेले आहे ते काय? वाटून घ्यावयाची भाकर, की घेरलेला जीव? मिस्सेत ज्याच्याभोवती आपण जमतो, तो एकदा जमावाने घेरलेलाच होता. आणि त्याने आपल्याला भाकरीभोवती बसविले.

एका सकाळी आम्ही घोळक्यापुढे हे बोलून दाखविले. दोघांना ते रुचले नाही आणि त्यांनी कॉफीला येणे सोडले. तमिळ आजी मात्र पुष्कळ वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मीसुद्धा सही केली होती.” आता आम्ही चौघेच असतो. बीगल अजूनही रोज त्या कठड्यापाशी थांबतो, रिकाम्या जागेवर नाक लावतो आणि ओढूनही हलत नाही. आम्हीही त्याच्याबरोबर तेथे थोडा वेळ उभे राहतो.