पाहण्याचा अधिकार

देवळाली कॅम्पबाहेरील ओसाड माळावर उन्हाळ्यातील एका सकाळी आम्ही पक्षी पाहावयास गेलो होतो. चंडोल, होला, कोतवाल पाहून झाले, तोच एक टिटवी आक्रोश करीत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. तिची अंडी जवळच उघड्या खडकाळ भुईवर असणार, हे आम्हांस कळले. ती एकवार पाहावीत, असा मोह झाला. आमच्या हाती बंदूक नव्हती. मग नुसत्या पाहण्यात दोष तो कोणता? परंतु त्या रणरणत्या माळावर अंड्यांना सावली असते ती मायबापांच्या अंगाचीच. आम्ही शोधीत राहू, तितका वेळ ती उन्हात भाजणार.

सलीम अलींचा पक्ष्यांचा व्यासंग बालपणी स्वतः मारलेल्या एका पीतकंठी चिमणीपासून सुरू झाला, हे प्रसिद्धच आहे. ज्ञानाच्या वाटेवर कधी हिंसा घडते. पण त्या ज्ञानाने पुढे पाखरांचेच रक्षण झाले. आमच्या कुतूहलाने कोणाचे काय साधणार होते? शस्त्र टाकल्याने मनुष्य अहिंसक होतो, असे नाही. दृष्टीलाही संयम लागतो. आम्ही माघारी वळलो. अंडी पाहावयाची राहिली; टिटवीचा आक्रोश मात्र थांबला.