मातृत्वाची अमानत आणि आपली घाई

आपल्या घरात सोळा वर्षांची मुलगी आहे, असे समजा. दहावीची परीक्षा नुकतीच संपली आहे आणि नात्यातूनच स्थळ आले आहे. मुलगा कमावता आहे, नमाजी आहे, घराणे ओळखीचे आहे. आजी म्हणते, बालिग झालेली मुलगी घरात ठेवणे बरे नव्हे. वडिलांना धाकट्या दोन मुलींची चिंता आहे. घरात बोलणे चालते ते मुलाच्या नोकरीचे, देण्याघेण्याचे आणि तारखेचे. या निर्णयाचे परिणाम ज्याला आयुष्यभर भोगावे लागतील, असा एक जीव मात्र त्या बैठकीत नसतो. तो अजून जन्माला आलेला नाही. वर्ष-दीड वर्षाने तो याच मुलीच्या मांडीवर असेल. त्याचा आपल्यावर आज काही हक्क आहे काय?

इस्लामच्या शिकवणुकीनुसार अपत्य ही पालकांची मालमत्ता नसून अल्लाहने त्यांच्यापाशी ठेवलेली अमानत आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण आपापल्या कळपाचा राखणदार असून प्रत्येकाला त्याविषयी जाब द्यावा लागेल, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. जाणता राखणदार संकट आल्यावर धावतो, तसाच ते येण्याआधी कुंपणही घालतो. म्हणून बालकाचा हक्क त्याच्या जन्मानंतर सुरू होतो, असे मानणे पुरेसे नाही. त्याची माता कोणत्या वयात आणि कोणत्या स्थितीत माता होते, याचाही जाब त्या हक्कात येतो.

यासंबंधी वैद्यकशास्त्र काय सांगते, ते शांतपणे पाहू. पाळी सुरू झाली म्हणजे शरीराची वाढ पूर्ण झाली, असे नसते. उंची आणि ओटीपोटाची हाडे त्यानंतरही काही वर्षे वाढत राहतात. अशा वयात गर्भ राहिला, तर एकाच ताटातील अन्नावर दोन वाढणारे जीव अवलंबून राहतात. त्यातच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आहे. ज्या ताटात एकीलाच पुरेसे नाही, त्यात दुसऱ्याचा वाटा कोठून निघणार?

भारत, ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांत हजारो मुलांची जन्मापासून मोठेपणापर्यंत नोंद ठेवण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस ते चोवीस वर्षांच्या मातांच्या मुलांशी तुलना करता, एकोणीस किंवा त्याहून कमी वयाच्या मातांची मुले कमी वजनाची अथवा अपुऱ्या दिवसांची जन्मण्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी अधिक आढळला. दुसऱ्या वर्षी त्यांची उंची खुंटलेली असण्याचा आणि पुढे माध्यमिक शिक्षण अपुरे राहण्याचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी अधिक होता. घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही.

हा प्रश्न दूरच्या देशांचा आहे, असेही समजू नये. वर उल्लेखिलेल्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. पाच वर्षांखालील ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. या खुंटण्याला अनेक कारणे आहेत. पण मातेचे कोवळे वय हे त्यांतील एक असे कारण आहे, जे टाळणे आपल्या हाती आहे.

येथे काही बंधू म्हणतील की, शरीअतने विवाहासाठी वयाचा आकडा ठरवलेला नाही. खरे आहे. परंतु एखादी गोष्ट अनुज्ञेय असणे आणि ती तत्काळ करणे बंधनकारक असणे, यांत मोठे अंतर आहे. दिव्य कुरआनातील सूरह निसाच्या सहाव्या आयतीकडे लक्ष द्या. अनाथांची संपत्ती त्यांच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यांना पारखत राहण्याचा आदेश तेथे आहे. ते विवाहाच्या वयाला पोहोचले, एवढ्याने भागत नाही. त्यांच्यात समज, म्हणजेच ‘रुश्द’, दिसून आली पाहिजे. ही आयत संपत्तीविषयी आहे, विवाहाविषयी नाही, हे मान्य. पण विचार करा: चार दिरहम सोपवण्यापूर्वी समज पारखावी लागते, तर एक जिवंत मूल सोपवण्यापूर्वी काहीच पारखायचे नाही काय?

सुनन नसाईमधील एक नोंदही मननीय आहे. ह. अबू बक्र (रजि.) आणि ह. उमर (रजि.) यांनी ह. फातिमा (रजि.) यांना मागणी घातली, तेव्हा ‘ती लहान आहे’ असे सांगून प्रेषितांनी (स.) नकार दिला. पुढे ह. अली (रजि.) यांची मागणी स्वीकारली गेली. त्या दोघांहून उत्तम स्थळ कोणते असू शकले असते? तरीही वयाचा विचार झाला. चांगले स्थळ हातचे जाईल, या भीतीने घाई करणाऱ्या पित्यासाठी यात मोठा धीर आहे.

गरिबी आणि इभ्रतीची काळजी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. वय वाढले की मागण्या वाढतात, रस्ता सुरक्षित नसतो, महाविद्यालय दूर असते. पण या अडचणी समाजाच्या आहेत. त्यांची किंमत एका मुलीच्या हाडांनी आणि तिच्या बाळाच्या वाढीने चुकवणे, हा न्याय नव्हे. हुंड्याची मागणी मोडून काढणे, मुलींच्या शिक्षणाची सुरक्षित सोय करणे आणि २००६ च्या कायद्याने ठरवलेली अठरा वर्षांची मर्यादा पाळणे, ही जबाबदारी मोहल्ल्याने, जमातने मिळून उचलायची आहे.

आणि ज्या घरात कोवळ्या वयाची माता आजच आहे, तेथे तिला दोष देऊ नका. निर्णय तिचा नव्हता. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत पूर्ण दोन वर्षे स्तनपानाचा उल्लेख आहे, मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला आहे आणि अपत्यामुळे मातेला त्रास होता कामा नये, असेही बजावले आहे. तेव्हा सुनेला सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवू घालणे, दवाखान्यात नेण्यास टाळाटाळ करणे, पहिले मूल रांगते आहे तोवर दुसऱ्याची अपेक्षा धरणे, हे या आदेशाशी विसंगत आहे. तिला पोटभर आहार, विश्रांती आणि सुटलेले शिक्षण पुन्हा धरण्याची संधी द्या. मातेची ताकद वाढली की बाळाला आधार मिळतो.

सूरह लुकमानमध्ये मातेने अशक्ततेवर अशक्तता सोसून मूल पोटात वाढवल्याचे स्मरण दिले आहे. सशक्त स्त्रीलाही ही अशक्तता चुकत नाही. मग जिची स्वतःची वाढच अपुरी आहे, तिच्यावर ती आपल्या हाताने लादायची काय? पुन्हा तुमच्या घरी स्थळ येईल, तेव्हा बैठकीत एक जागा त्या न जन्मलेल्या बालकासाठी मोकळी ठेवा आणि त्याच्या वतीने कोणीतरी एकाने बोला. आखिरतमध्ये ते स्वतः बोलेल, त्याआधी.