कणगीतले बी आणि थांबलेली प्रोसेस

वेब-सर्व्हरवरची स्क्रिप्ट एका उत्तरापुरती जन्मावी, की उत्तर देऊन झाल्यावरही जिवंत राहावी, हे सर्व्हरची मांडणी करताना सर्वांत आधी ठरवावे लागते. वरवर पाहता हा वेगाचा आणि मेमरीचा हिशेब आहे. त्याच्या मुळाशी मात्र भारतीय दर्शनांत शतकानुशतके चाललेला एक वाद आहे: कार्य करण्यासाठी कारणाने टिकून राहणे आवश्यक आहे का? बौद्ध तार्किकांचे उत्तर नाही असे होते, न्यायदर्शनाचे होय असे. सर्व्हरमध्ये दोन्ही उत्तरांची किंमत प्रत्यक्ष मोजता येते, म्हणून या वादाच्या अभ्यासकाने त्याकडे गांभीर्याने पाहावे.

१९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरबरोबर सीजीआय ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवी प्रोसेस जन्मते, इंटरप्रिटर मेमरीत चढतो, स्क्रिप्ट वाचली जाते, डेटाबेसशी जोडणी होते, उत्तर जाते आणि प्रोसेस संपते. मागच्या प्रोसेसमधले काहीही पुढच्या प्रोसेसमध्ये उतरत नाही. त्यामुळे एका स्क्रिप्टचा बिघाड दुसरीला बाधत नाही आणि सांडलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप परत घेते. पण काम लहान असले तर बराचसा वेळ कामात न जाता जन्मण्यातच जातो.

सातव्या शतकातील धर्मकीर्तीने सत्तेची कसोटी अर्थक्रियाकारित्व ही ठरवली: जे कार्य करते तेच आहे. या कसोटीवर स्थायी वस्तू टिकत नाही, असा बौद्धांचा युक्तिवाद होता. स्थायी वस्तू आपली कार्ये क्रमाने करील की एकदम? सामर्थ्य आधीपासून असेल तर ती का थांबते? सगळे एकदम करत असेल तर पुढच्या क्षणी तिच्याकडे करण्यासारखे काय उरते? सहकारी कारणांसाठी ती थांबते म्हणावे, तर सहकारी तिच्यात बदल घडवतात की नाही? घडवत असतील तर वस्तू नवी झाली. नसतील तर त्यांचा उपयोग काय? अकराव्या शतकात विक्रमशिला विहारातील रत्नकीर्तीने ‘क्षणभंगसिद्धी’त हीच बाजू मांडली. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त क्षणभंगवादाचे, म्हणजे वस्तू क्षणिकच असते या मताचे, खंडन केले. या वादाचे नेहमीचे उदाहरण बियाचे आहे. कणगीतल्या बियाला अंकुर फुटत नाही, शेतातल्या बियाला फुटतो. बौद्धांच्या मते ही दोन बिये वेगळी. उदयनांच्या मते बी एकच. माती आणि पाणी नाही म्हणून कार्य नाही, आणि एवढ्यावरून सामर्थ्यही नाही असे ठरत नाही.

१९९६ मध्ये ओपन मार्केट या कंपनीने फास्टसीजीआय आणले, तेव्हा सर्व्हर उदयनांच्या बाजूला सरकला. प्रोसेस आता उत्तर देऊन मरत नाही, पुढच्या रिक्वेस्टची वाट पाहते. पीएचपी या स्क्रिप्ट-भाषेसाठी हेच काम एफपीएम करते. २०१० मध्ये ५.३.३ या आवृत्तीपासून ते पीएचपीचाच भाग झाले. रिकामी थांबलेली प्रोसेस असमर्थ नसते. तिच्याजवळ सगळे सिद्ध असते, फक्त रिक्वेस्ट हा सहकारी यायचा असतो. आपली कार्ये ती क्रमाने करते आणि त्यात कोणताही विरोध उद्भवत नाही. वेगाच्या बाबतीत न्यायमत इथे निर्विवाद सरस ठरते.

तरीही सहकारी बदल घडवतो का, हा बौद्धांचा प्रश्न संपत नाही. तो घडवतो. शेकडो रिक्वेस्ट हाताळल्यावर प्रोसेस जशीच्या तशी राहत नाही: एखादी लायब्ररी घेतलेली मेमरी सोडत नाही, मेमरीचे तुकडे होतात, आकार फुगत जातो. म्हणून एफपीएममध्ये ‘मॅक्स रिक्वेस्ट्स’ ही मर्यादा असते. ती ५०० ठेवली, तर तेवढी उत्तरे दिल्यावर प्रोसेस निवृत्त होते आणि नवी तिची जागा घेते. मूळ मूल्य शून्य, म्हणजे अमर्याद आयुष्य. मेमरी गळत असल्याचे दिसत असताना ते शून्यच ठेवणे चूक आहे.

टिकण्याला जागाही लागते. एफपीएमच्या ‘स्टॅटिक’ मांडणीत ठरलेल्या सगळ्या प्रोसेस कायम जिवंत असतात, ‘डायनॅमिक’मध्ये त्यांची संख्या गरजेनुसार हलते, ‘ऑनडिमांड’मध्ये रिक्वेस्ट आल्यावरच त्या जन्मतात. कमाल संख्या मेमरीवरून ठरवावी: पीएचपीसाठी ४,००० एमबी मोकळी असेल आणि एक प्रोसेस सरासरी ५० एमबी घेत असेल, तर ८० च्या पुढे जाऊ नये. हा आकडा हौसेने वाढवला की मशीन डिस्कवरची स्वॅप मेमरी वापरू लागते आणि सगळ्यांचीच उत्तरे रखडतात. फार कमी ठेवला की मेमरी मोकळी असूनही रिक्वेस्ट रांगेत उभ्या राहतात.

पीएचपीच्या रचनेतला खरा विवेक टिकणाऱ्या आणि नष्ट होणाऱ्या गोष्टींच्या वाटणीत आहे. प्रोसेस राहते, पण एका रिक्वेस्टमधली व्हेरिएबल्स तिच्या शेवटी पुसली जातात. एका वाचकाची माहिती दुसऱ्याच्या पानावर उतरू नये, याचा हा मोठा आधार. कंपाइल झालेली स्क्रिप्ट मात्र ऑपकॅश सामायिक मेमरीत जपून ठेवतो. २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून तो पीएचपीबरोबरच येतो. जपलेले रूप अजून खरे आहे का, हे तो मूळ फाइलची वेळ पाहून ठरवतो आणि एकदा केलेली तपासणी सामान्यतः दोन सेकंद ग्राह्य धरतो. ही तपासणी बंदही करता येते. तेव्हा जपलेले रूप प्रमाण मानले जाते, आणि नवा कोड चढवल्यावर कॅश मुद्दाम रिकामा करावा लागतो. दर्शनांतही असाच भेद आहे: ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक येईपर्यंत त्यावर शंका नको, हे मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य. त्याची खातरजमा बाहेरून व्हावी, हे नैयायिकांचे परतःप्रामाण्य. ज्या सर्व्हरवर कोड केवळ ठरलेल्या वेळी बदलतो, तिथे मीमांसकांची रीत योग्य.

राहतो स्मृतीचा प्रश्न. एचटीटीपीला आधीची रिक्वेस्ट आठवत नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. ब्राउझर प्रत्येक वेळी कुकीतली खूण दाखवतो आणि सर्व्हर तिच्यावरून साठवलेले सेशन उघडतो. एका प्रोसेसने लिहिलेले सेशन दुसरी प्रोसेस वाचते आणि काम अडत नाही. देवदत्ताने पाहिलेले यज्ञदत्ताला आठवत नाही, या न्यायाच्या युक्तिवादाला हे उत्तर वाटू शकते: वासना, म्हणजे आधीच्या अनुभवाचा संस्कार, पुढे जात राहिली की झाले, एकच स्मरणारा कशाला हवा? पण सेशनचा साठा मधल्या काळात टिकून राहतो म्हणूनच हे जमते; स्थायी आश्रय नाहीसा झालेला नसतो, तो प्रोसेसमधून साठ्यात गेलेला असतो. शिवाय नैयायिकांचा मुद्दा माहिती पोचवण्यापुरता नव्हताच. जे डोळ्यांनी पाहिले त्यालाच आता हाताने स्पर्श करणारा मीच, या प्रतिसंधानाचा आधार ते शोधत होते. सेशन वाचणाऱ्या प्रोसेसला खूण जुळल्याचे कळते. आधी लिहिणारी मीच होते की दुसरी कोणी, हा प्रश्न तिच्यापुरता उद्भवतच नाही. संस्कार एका आश्रयातून दुसऱ्यात कसा जातो, याबद्दल सर्व्हर साक्ष देऊ शकतो. प्रतिसंधान कोण करतो, याबद्दल नाही.