माळ गळ्यात पडल्यानंतर

तुळशीची माळ घातली त्या दिवशी मासे सुटले. ओढ सुटायला मात्र वर्षं लागली. ती वर्षं नेमकी कशात गेली, या प्रश्नाने मला मोक्षाच्या प्रश्नापेक्षाही जास्त पछाडलं आहे.

माझं माहेर साखळीजवळचं विठ्ठलापूर. वाळवंटीकाठच्या देवळातला टाळ ऐकतच लहानाची मोठी झाले. लग्न होऊन पेडण्यातल्या केरीला आले तर इथे दर्या दाराशी. फेरीच्या धक्क्यावरून समोर तेरेखोलचा किल्ला दिसतो, आणि रापण ओढली की कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरूनच कळतं. अशा गावात मासळी सोडणं म्हणजे निम्मं जेवण सोडणं. घरच्यांसाठी हुमण आजही मीच करते. बांगड्याला तिरफळं ठेचून घालते, सोलां टाकते, मीठ अंदाजानं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हातांना करू दे गो, जीभ तेवढी सांभाळ." जीभ सांभाळली. मन मात्र कढईपाशी घुटमळत राहायचं, पावसात तर फारच. सुका बांगडा निखाऱ्यावर पडला की हरिपाठाची ओळ पुढे सरकत नसे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हे अगदी स्पष्ट सांगितलं आहे. न खाणाऱ्याचे विषय दूर होतात, त्यांची गोडी उरते, आणि ती गोडी जाते परमतत्त्व दिसल्यावरच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घाबरले. परतत्त्व दिसायचं कधी, आणि तोवर माझ्यासारखीनं काय करायचं?

उत्तर मला ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात मिळालं. 1290 साली नेवाश्यात ज्ञानेश्वरांनी अभ्यासयोग समजावताना देवाला भक्ताकडे किती थोडकं मागायला लावलं आहे! सगळं चित्त देता येत नसेल तर आठ प्रहरांतला एक क्षण दे. त्या क्षणात माझं जेवढं सुख अनुभवशील, तेवढीच विषयांची चव उतरेल. पुनवेचा चंद्र दिवसेंदिवस उणा होत अवसेला दिसेनासा व्हावा, तसं मन भोगातून निघत जाईल. इथे बळजबरी कुठेच नाही. गोडी तोडायची नाही, दुसरी गोडी वाढू द्यायची. दर्शन एकदम होत नसेल तर क्षणाक्षणानं होतं, आणि प्रत्येक क्षण आपापला वाटा उचलतो. दुसऱ्या अध्यायाची भीती बाराव्याने घालवली.

पतंजलीही अभ्यासाला तीन अटी घालतात: दीर्घकाळ, खंड न पडता, आदरानं. यातली तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चरफडत पाळलेला नेम कितीही वर्षं चालला तरी आतली गाठ ढिली करत नाही. मासळीकडे तिरस्कारानं पाहायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं. रापणीच्या दोरीला हात लावणाऱ्या माणसांचं ते अन्न आहे.

आमच्या गावांनी ही वाट फार पूर्वीपासून बांधून ठेवली आहे, असं आता ध्यानात येतं. सोमवार शिवराक म्हणजे शाकाहारी, एकादशीला उपास, श्रावण पुरता सांभाळायचा. माळ घालण्याआधीच मी आयुष्याचा मोठा भाग मासळीविना काढला होता, निश्चय न करता, तिथीवाराच्या आधारानं. एकटीच्या जिद्दीवर हे तगलं नसतं. सणवार, शेजार, भजनाची पाळी यांनी मला धरून ठेवलं.

कीर्तनकार मात्र क्षणाचीच गोष्ट सांगतात. आमच्या मुलखाचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये घ्या. जन्म 1714 चा. बांद्याचं कुलकर्णीपण करत होते. सांगतात, सावंतवाडीच्या दरबाराकडे जाताना वाटेत रानात फणस खायला बसले, तिथे नाथपंथाचे गहिनीनाथ प्रकटले, गरे मागितले आणि उपदेश दिला. वय तेव्हा 35. पोर्तुगीजांनी तेरेखोलचा किल्ला सावंतांकडून घेतल्याला जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. सारा मुलूख धुमसत होता. गहिनीनाथ आले हे मी मनापासून मानते. कृपेशिवाय देवाकडे तोंड वळत नाही. पण सोहिरोबांनी घर सोडून उत्तरेची वाट धरली ती साठीला आल्यावर. मधली 25 वर्षं ते इथेच होते, संसारात, याच पावसात. 'महदनुभवेश्वरी'सारखा ग्रंथ त्याच काळातला.

कीर्तनात फणसाचे गरे येतात आणि पुढच्या अभंगाला टाळ वाजतात. ती 25 वर्षं कुणी सांगत नाही. मला तीच ऐकायची आहेत. कुलकर्णीपण सुटल्यावर घरात काय शिजायचं, बायको काय बोलायची, उपदेशानंतरही कधी राग आला का, आला तर दुसऱ्या दिवशी ध्यानाला बसताना त्यांनी त्या रागाचं काय केलं. माळ घालून घरी आलेल्या, चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला हे कळायला हवं. आमच्या सप्त्याला येणाऱ्या बुवांना मी यंदा तसं सांगणार आहे.