तान्ह्याचा श्वास आणि पूर्वसंचित

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्राशन करणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या घरी, त्याच्या अवघे आठ महिने आधी, राजरत्न हा त्यांचा अत्यंत लाडका मुलगा न्यूमोनियाने गेला होता. तीन पुत्र आणि एक कन्या अशी चार अपत्ये गमावलेल्या त्या पित्याच्या चरित्रात या दोन घटना निरनिराळ्या प्रकरणांत येत असल्या, तरी मला त्या एकाच प्रश्नाशी येऊन भिडतात असे वाटते.

ज्याच्या हातून अद्याप कोणतेही कर्म घडलेले नाही, त्या तान्ह्या जीवाने कोणत्या न्यायाने गुदमरावे? पूर्वसंचित, हे उत्तर आपल्याकडे तयारच असते, आणि शोकदग्ध मातेला त्याने क्षणभर आधार मिळतो हे मी नाकारीत नाही. परंतु अस्पृश्य म्हणून तळ्याच्या काठावरून हुसकावल्या जाणाऱ्या मनुष्यालाही शतकानुशतके हेच उत्तर मिळत होते. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा १९२३ चा मुंबई कायदेमंडळाचा ठराव आणि महाड नगरपालिकेने दिलेली मोकळीक कागदावर असतानाही पाण्यापर्यंत जाऊ न देणाऱ्यांनी १९२७ च्या त्या सत्याग्रहानंतर पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले, दिवाणी दावा लावला, आणि तो हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी अखेर फेटाळला गेला. भोगणारा स्वतःच अपराधी ठरला, तर फिर्याद कोणी व कोणाविरुद्ध करावी? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही उपपत्ती नाकारली, त्यामागे हाच विवेक होता.

अर्भकाचे शरीर मात्र आपली साक्ष निर्विवाद देते. विषाणूच्या संसर्गाने त्याच्या केसाएवढ्या श्वासनलिका सुजतात. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अवरोध सुमारे सोळा पट वाढतो. फुप्फुसातील वायुकोश द्रवाने भरतात, त्यावर जिवाणूंचा दुसरा हल्ला झाल्यास छातीत पू साचतो, क्वचित फुप्फुस फाटून हवा बाहेर येते, आणि फार लहान मूल तर थकून श्वास घेणेच थांबवते. यांतील बहुतेक विषाणूंवर रामबाण औषध नाही. प्राणवायू, बेताचे द्रव, श्वासाला यंत्राचा आधार, एवढ्यावर शरीराला सावरण्याचा अवधी मिळवून द्यावा लागतो. महाडजवळच्या पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवर भर पावसात तो अवधी रस्त्यावरच सरतो, आणि त्या रस्त्याचा जाब पूर्वजन्माकडे मागता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व जिवाणूंवरचे औषध देण्यास शिकविले, आणि बालमृत्यू घटले. संचित तेच होते, व्यवस्था तेवढी बदलली.

म्हणून कीर्तनकारांना, घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे: उपाय म्हणून बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देऊ नका, देऊ देऊ नका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० वा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० वा अधिक भरले, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ कण्हू लागले, अंगावर पिईना, किंवा ओठ निळसर दिसले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.