नाव पुसलेली कबर

गेल्या २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मृतिदिनाचा मिस्सा आटोपल्यावर, माधवनगरच्या एका वृद्ध भगिनीने आम्हांला विचारले, "फादर, गावाकडे आजोबांच्या कबरीवरचे नाव आता वाचता येत नाही. ती जागा घरातल्या दुसऱ्या कुणासाठी उघडली, तर पाप लागेल का?" "नाव देवाला ठाऊक आहे, बाई," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. उत्तर खोटे नव्हते. पण फार स्वस्त होते. हे जाणवले ते विदर्भातील शिळावर्तुळांविषयी वाचताना.

नागपूरजवळ जुनापाणी येथे मोठे धोंडे गोलाकार मांडून केलेली सुमारे ३०० वर्तुळे आहेत. इंग्लंडातील स्टोनहेंज येथे इ. स. पूर्व ३००० च्या सुमारास खंदक व मातीचा बांध घालून गोल आवार आखले गेले आणि त्यात दहन केलेल्या मृतांच्या अस्थी पुरल्या गेल्या. विदर्भातील वर्तुळे त्याहून पुष्कळ अलीकडची, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. जुनापाणीची माहिती रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली प्रसिद्ध केली. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. अशा वर्तुळांत दगडमातीच्या भराखाली हाडे, मडकी आणि लोखंडी हत्यारे सापडतात. जवळच्या माहुरझरीला तर घोड्याचे तांब्याचे अलंकारही मिळाले.

मग मृतांची ही शांती मोडणे योग्य होते काय? कबर चोरही उघडतो, संशोधकही उघडतो. चोर मृताजवळ काय आहे हे पाहतो. संशोधक तो कोण होता, असे विचारतो. प्रत्येक हाडाची नोंद ठेवणे, पुढच्या पिढ्यांसाठी काही भाग न खणता सोडणे, हा त्या प्रश्नाचाच आदर होय. जेथे तो प्रश्न संपतो, तेथे उत्खननही लूटच ठरते.

त्या लोकांनी लेख कोरून ठेवले नाहीत. त्यांचे एकही नाव आपणांस ठाऊक नाही. तरी कुणासाठी तरी कुणीतरी ते जड धोंडे वाहून आणले, एवढे निश्चित. मृताची आठवण त्यांनी केवळ देवावर सोपवली नाही. तिच्यासाठी अंगमेहनत केली. आम्ही मात्र देवाचे नाव पुढे करून आपले काम टाळले होते.

पुढच्या भेटीत आम्ही त्या भगिनीला सांगितले, "जागा उघडण्यास ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. निघतील त्या अस्थी प्रार्थनापूर्वक पुन्हा मातीत ठेवा, आणि नव्या दगडावर आजोबांचे नाव आधी कोरा." त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "आजोबांचे नाव ठाऊक आहे, फादर. आजीही तिथेच आहे. पण तिला सगळे आईच म्हणायचे."

वाचकहो, आपल्या घरातील अशी नावे सांगू शकणारी माणसे आहेत, तोवरच ती लिहून घ्या.