लपलेले आणि लपवलेले

विज्ञान शाप की वरदान, हा शाळेच्या निबंधवहीतला प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने मराठी चर्चेत पुन्हा अवतरला आहे आणि या वेळी तो थोरामोठ्यांच्या परिसंवादांत निबंधवहीइतक्याच भोळेपणाने विचारला जात आहे. तंत्राचे फायदे एका पारड्यात आणि तोटे दुसऱ्या पारड्यात टाकून काटा कुठे झुकतो हे पाहण्याच्या नादात, तराजू कोणी धरला आहे आणि त्याची दांडी इतरांना तपासता येते का, हे विचारायचेच राहून जाते. पूर्वजांना हे सगळे ठाऊकच होते असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची गरज नाही, कारण अभिमानाने घागर भरत नाही. यंत्रे टाकून आडाकडे परत चला असे म्हणणाऱ्यांनी आड कोण शेंदत असे एवढेच आठवावे. खरा विचार करायला लावणारे मत तिसरेच आहे आणि ते इतके सर्वमान्य झाले आहे की ते एक मत आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. ते असे की, उत्तम तंत्र म्हणजे जे वापरणाऱ्याला जाणवतही नाही ते.

या मताची घराणी चांगली आहेत. आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड या गणिती-तत्त्वज्ञाने १९११ साली, सामान्य वाचकाला गणिताची ओळख करून देताना, डोके न चालवता पार पाडता येणाऱ्या महत्त्वाच्या कामांची संख्या वाढणे यातच संस्कृतीची प्रगती पाहिली होती. पुढे १९९१ साली, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर यांनी, संगणकही लिहिण्या-वाचण्याच्या कलेसारखा रोजच्या जगण्यात विरघळून दिसेनासा व्हावा अशी कल्पना मांडली. आज मोबाइलवर बोट टेकताच पैसे पोहोचतात, प्रश्न उच्चारताच उत्तर येते, आणि त्यामागे काय घडले याचा पत्ता नसणे हीच सोय मानली जाते. या मताचा प्रतिवाद करणे सोपे नाही, कारण त्याचा पूर्वार्ध खरा आहे. त्याचा उत्तरार्ध मात्र कसा फसवा आहे हे तपासण्यासाठी सिलिकॉनच्या दरीत जाण्याचे कारण नाही. सातपुड्याची खिंड पुरेशी आहे.

माळव्यातून खानदेशात उतरणाऱ्या वाटेवर, नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधल्या त्या खिंडीवर पहारा देत असीरगड उभा आहे. पायथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंचावर, एकाखाली एक अशा असीरगड, कमरगड आणि मलयगड या तीन तटबंद भागांत तो रचलेला आहे. ‘दुर्ग’ या शब्दाचा मूळ अर्थच जिथे जाणे कठीण ते ठिकाण, आणि त्या अर्थाला असीरगड पुरेपूर जागला. जानेवारी १६०१ मध्ये तो अकबराच्या हाती आला, तेव्हा उपासमार, रोगराई, वाटाघाटी आणि फितुरी यांच्या कोणत्या मिश्रणाने दार उघडले यावर इतिहासकारांचे एकमत नाही; केवळ तोफांनी ते उघडले नाही, एवढे नक्की. पुढची मोगल, शिंदे, इंग्रज ही मालिका मराठी वाचकाला सांगायला नको. इथे मुद्दा गडाचा नसून, त्याच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, बऱ्हाणपूर शहराजवळ, गड पडल्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी जमिनीखाली जे बांधले गेले त्याचा आहे.

मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, इराणी भूजलतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली बांधलेली ही जलव्यवस्था ‘कुंडी भंडारा’ म्हणून ओळखली जाते. लोकांच्या तोंडी तिचे ‘खूनी भंडारा’ झाले आहे आणि मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत ती याच नावाने गेली. तिची युक्ती इराणमधल्या ‘कनात’ पद्धतीची, म्हणजे उताराच्या जमिनीखालून बोगदा खणून भूजल पंपाशिवाय, केवळ उतारावर वाहते करण्याची आहे. सातपुड्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकांच्या थरांतून तापीकडे झिरपत जातो. त्या झिरपत्या पाण्याला वाटेत आडवे जाऊन, बोगद्यात घेऊन शहराकडे वळवले आहे. छत्रपती संभाजीनगरची, मलिक अंबरच्या काळातली नहर याच कुळातली.

बोगदा वरून दिसत नाही. दिसतात त्या कुंड्या, म्हणजे बोगद्यापर्यंत खाली गेलेले, विहिरीसारखे गोल खड्डे, ज्यांची तोंडे बांधून काढून जमिनीच्या वर उचललेली आहेत. साधारण वीस-वीस मीटरांच्या अंतराने अशा शंभराहून अधिक कुंड्या रांगेत उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीतून आता पाळण्याने सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येते. तिथे पाणी संथ वाहताना दिसते आणि खडकाच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे पुट चढलेले दिसते. पाण्यात विरघळलेली खनिजे साठून बोगदा आवळत चालला आहे, ही गोष्ट कळू शकते ती उतरण्याची वाट ठेवली आहे म्हणून. कुंडीतून हवा खेळते, खणताना माती वर काढता येते, पुढे गाळ उपसता येतो. म्हणजे रोज पाणी पिणाऱ्याला ज्याची जाणीवही नसते असे हे तंत्र, वायझर यांच्या कसोटीवर पूर्ण उतरणारे, आणि तरीही त्याच्या बांधणाऱ्याने वीस-वीस मीटरांवर ते उघडे ठेवले.

आता व्हाइटहेड यांच्याकडे परत यावे लागते, कारण त्यांचे उदाहरण गणिताचे होते आणि तिथेच त्यांच्या अनुयायांची गल्लत होते. हातचा घेऊन बेरीज करणारा मुलगा हातचा का घ्यायचा याचा दर वेळी विचार करत नाही, हे खरे; पण शंका आली तर दहा सुट्या चिंचोक्यांचा एक दशक करून त्याला ते पुन्हा उलगडून पाहता येते. तिथे विचार वगळलेला नसून साठवलेला आहे. गणिती चिन्हांची सगळी थोरवी या उलगडण्याच्या मुभेत आहे, आणि ती मुभा काढून घेतली तर उरतो तो मंत्र. विचार करावा लागत नाही आणि विचार करता येत नाही, या दोन अवस्था बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत माणूस निवांत असतो. फरक कळतो तो बिघाडाच्या दिवशी.

बऱ्हाणपूरच्या यंत्रमागावर हा फरक उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. ताण्याचा एक धागा तुटला की विणकर माग थांबवतो, शेकडो धाग्यांतून तुटलेले टोक बोटांनी हुडकतो, गाठ मारतो, फणीतून धागा ओढून घेतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. मोठा बिघाड झाला तर जॉबर येतो, म्हणजे मागांची दुरुस्ती जाणणारा कारागीर, जो बहुधा त्याच वस्तीत राहतो. विणकराला यांत्रिकीचे शिक्षण नसते आणि असण्याची गरजही नसते. म्हणूनच, प्रत्येकाने प्रत्येक यंत्र समजून घ्यावे हे अशक्य आहे, श्रमविभागणी हाच समाजाचा पाया आहे, असे जे उत्तर या मताच्या पाठीराख्यांकडून हमखास येते ते गैरलागू आहे. सगळ्यांनी कुंडीत उतरावे असे कुणीच म्हणत नाही. कुंडी असावी, आणि उतरणारा माणूस हाकेच्या अंतरावर असावा, एवढीच अपेक्षा आहे.

असीरगडावरच्या महादेवाच्या देवळाशी एक लोकश्रद्धा जोडलेली आहे: अश्वत्थामा आजही तिथे पूजेला येतो. आख्यायिकेकडून पुरावा मागू नये, पण तिच्यातली अंतर्दृष्टी नाकारण्याचे कारणही नाही. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा हा चिरंजीव ब्रह्मास्त्र सोडू शकत होता; अर्जुनाप्रमाणे ते मागे घेणे मात्र त्याला साधत नव्हते. सोडण्यासाठी मंत्र पुरला, आवरण्यासाठी अस्त्राच्या आत पोहोचावे लागत होते. जाणवू न देणाऱ्या तंत्राचा आदर्श वापरकर्ता कसा असतो याचे इतके नेमके चित्र आधुनिक ग्रंथांतही क्वचितच सापडेल.

तेव्हा भेद करायचा तो दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या तंत्रांत नव्हे. न दिसणाऱ्या तंत्रांचेच दोन प्रकार आहेत: लपलेले आणि लपवलेले. मराठीतले हे एका अक्षराचे अंतर फार मोलाचे आहे. लपलेले ते, जे आपल्या स्वभावाने दृष्टीआड असते, जसे भूजल, जसा विजेचा प्रवाह, जसे पेशीतले रसायन. लपवलेले ते, जे दृष्टीआड राहावे असा कुणीतरी निर्णय घेतलेला असतो. पहिल्याला कुंडी खणता येते. दुसऱ्यावर झाकण बसवलेले असते आणि बहुधा झाकणही दिसू दिलेले नसते. या अर्थाने गडसुद्धा लपवलेला नसतो. तो बंद असतो, पण आपण बंद आहोत हे तो तटाने, दरवाजांनी आणि बुरुजांनी कोसभरावरून सांगतो, आणि ज्याला आत शिरायचे आहे त्याला निदान कुठे उभे राहून झगडायचे हे कळते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत नेमकी याच दोहोंची सरमिसळ होते. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांच्या ढिगांवरून स्वतःतले अब्जावधी आकडे जुळवत शिकणारी गणनपद्धती, एखाद्या उत्तरापर्यंत कशी पोहोचली हे तिच्या निर्मात्यांनाही पूर्णपणे उलगडून सांगता येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. ते लपलेले आहे आणि त्याच्या कुंड्या खणण्याचे काम संशोधक करत आहेत. पण कोणते लेखन तिला शिकवायला वापरले, मराठीसारख्या भाषांत ती कुठे चुकते याची चाचणी घेतली का, तिच्या उत्तरावर विसंबून कुणाचे कर्ज किंवा अर्ज नाकारला जातो, आणि नाकारलेल्याने दाद कुठे मागायची, यांतले काहीही स्वभावाने अगम्य नाही. ही माहिती माणसांकडे असते आणि माणसे ती द्यायची की नाही हे ठरवतात. पहिल्या अगम्यतेची शाल पांघरून दुसरी गोष्ट मिरवली जाते, आणि ‘यंत्रालाच माहीत’ या दोन शब्दांत जबाबदारीचा प्रश्न मिटवला जातो.

याचे साधे, रोजचे उदाहरण रेशनच्या दुकानातले ठसे घेणारे यंत्र आहे. मजुरी करून, धुणीभांडी करून, सूत हाताळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा जुळत नाही आणि पडद्यावर नकार उमटतो. झिजलेल्या रेषा हा शरीराचा भाग झाला. ते लपलेले कारण आहे आणि समजावून सांगता येते. परंतु कोणतीही ठसा-पडताळणी शंभर टक्के जुळणीवर चालत नाही. किती साम्य आढळले म्हणजे माणूस तोच मानायचा, याचा एक उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा चढा ठेवला तर खरा माणूस बाहेर राहण्याची शक्यता वाढते, उतरता ठेवला तर तोतया आत येण्याची. हा तांत्रिक तपशील नाही. शासनाला कोणती चूक अधिक सहन होते याचे ते उत्तर आहे, म्हणजे शुद्ध राजकीय निर्णय, जो कुणीतरी, कुठेतरी, एका आकड्यात लिहिला आहे. दुकानदाराला तो ठाऊक नसतो, रांगेतल्या बाईला तो असतो याचीही कल्पना नसते, आणि घरी परतताना ती आपल्याच बोटांना दोष देते. तंत्र जाणवू नये या ध्येयाची ही परिणती आहे; ज्याला तंत्र जाणवत नाही त्याला अन्यायही स्वतःचाच दोष वाटतो.

याउलट नवे तंत्र कुंडीसह येऊ शकते, आणि याचा दाखलाही कुंडी भंडाऱ्याच्याच जिल्ह्यात आहे. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले तेव्हा बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या १,०१,९०५ ग्रामीण घरांपैकी ३७,२४१ घरांत नळाचे पाणी होते. जुलै २०२२ मध्ये हा देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. डोक्यावरचा हंडा उतरणे ही सोय क्षुल्लक मानणाऱ्याने तो काही दिवस वाहून पाहावा. पण आकड्यांपेक्षा लक्षणीय आहे ती प्रमाणित करण्याची रीत: कागद वरून आला तरी जिल्ह्यातल्या २५४ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून ‘होय, पाणी येते’ असे म्हणेपर्यंत तो पुरा मानला गेला नाही. शिवाय गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवावे, असे या योजनेत आहे. छोट्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, आणि पालटलेला रंग तक्त्यावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. डोळ्यांना न दिसणारी क्षारता किंवा क्लोरीन रंगाच्या रूपाने वर येते. हीच कुंडी. नळ जोडला म्हणजे कूपनलिकेतल्या पाण्याची पातळी आपोआप टिकत नाही, आणि तापीच्या खोऱ्यात, रावेरकडे आणि बऱ्हाणपूरकडे, केळीच्या बागा पिकवणाऱ्यांना जमिनीखालचा हा ताळेबंद चुकवता येणार नाही. तरी तपासणीची वाट आखलेली आहे, एवढे श्रेय या योजनेला दिलेच पाहिजे.

मग जी रीत पाण्याला लागू झाली ती इतरत्र का नाही, हा प्रश्न उरतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे विचारात घेतली. तेवढ्यापुरते झाकण किलकिले झाले. पण तिथे हक्क आहे तो विकत घेणाऱ्याचा. रेशनचे यंत्र रांगेतल्या बाईने विकत घेतलेले नाही, म्हणून ग्राहक या नात्याने तिला त्यात डोकावता येत नाही. तिला डोकावता येईल ते नागरिक म्हणूनच, आणि त्यासाठीची जागा आधीच बांधलेली आहे. ज्या ग्रामसभेत नळाला पाणी येते की नाही यावर हात वर झाले, तिथेच महिन्याला किती ठसे नाकारले गेले, उंबरठा कुठे ठेवला आहे, तो कोणी ठेवला, आणि ठसा न जुळणाऱ्याला धान्य कोणत्या मार्गाने मिळणार, हे वाचून दाखवायला कोणतेही नवे यंत्र लागत नाही. लागतो तो एक कागद, आणि ज्याने आकडा ठरवला त्या अधिकाऱ्याची त्याखाली सही.